लाल लोकरीची किल्ली

आधी लोकर लागते हाताला, मग किल्ली. कोटाच्या खिशात, रुमालाखाली, सकाळपासून – लाल लोकरीचा तुकडा, विटून विटून पार विटकरी झालेला, आणि त्याच्या टोकाला पितळेची एवढीशी किल्ली. लोकर आईनं बांधलेली. बर्फात पडली तर दिसावी म्हणून. किल्ली घराबाहेर जातेच कशाला बर्फात पडायला, असं बाबा म्हणाले होते, आणि आई म्हणाली होती, तुमच्या घरातून काय काय बाहेर जातं ते मला विचारा... आणि आज ती बाहेर आली. मार्लिसनंच आणली. चोरून.

चोरून, दुसरा शब्द नाही. बाबा शेगडीपाशी पाठमोरे उभे होते, ती रोजच्यासारखी वेलदोड्याचा पाव ठेवायला गेली होती, आणि हात आपोआप भिंतीवरच्या घड्याळामागं गेला, खिळ्यावरून किल्ली निघाली, खिशात पडली. बाबा वळून म्हणाले, “कॉफी घेऊन जा, अशी काय पळतेस?” तिनं घेतलीही. बाबा नेहमीसारखे साखरेचा खडा दातांत धरून बशीतून फुर्रकन पीत होते, आणि समोर बसून ती पीत होती, खिशात किल्ली ठेवून. निर्लज्ज आहेस मार्लिस तू, अगदी निर्लज्ज.

बेकरीत कोट खुंटीवर टांगला तरी ती पुन्हा पुन्हा हात पुसून खिसा चाचपून येत होती. पीठ मळताना तिला वाटत होतं, साठी ओलांडली आपण, या गावच्या नगरसेविका आहोत, आज संध्याकाळी आपल्या एका मतावर अख्खा ठराव अडलाय – तीन जण या बाजूला, तीन त्या बाजूला – आणि आपण बापाच्या घड्याळामागची किल्ली पळवून आणतो, हे कुणाला सांगितलं तर हसतील. ठराव साधाच होता. घरातली प्रत्येक बंदूक कुलपात, आणि किल्ली कुणाच्याही सहज हाती लागणार नाही अशी. गेल्या हिवाळ्यात तळ्याकाठच्या त्या घरात पोराच्या हाती बंदूक लागून जे झालं, त्यानंतर निघालेला. तोवर या गावात कुणी कुलपाचं नावही काढलं नव्हतं. कुलूप होतंच की सगळ्यांकडे! काचेच्या दाराचं कपाट, काचेवर कोरलेलं हरिण, त्याला कुलूप, आणि किल्ली कपाटावर, नाहीतर घड्याळामागं. घरोघरी तीच तऱ्हा. पाव्हण्यालाही ठाऊक असायचं.

आणि नोव्हेंबरातला तो पहिला दिवस, शिकारीचा... शाळेला सुट्टी, बाहेर मिट्ट काळोख, स्वयंपाकघरात मात्र दिवा, शिकारीचे नारिंगी कोट खुर्च्यांवर टाकलेले, कॉफीचा वास, आईनं फडक्यात बांधलेल्या मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्या – त्या दोन खिशांत दोन ठेवायच्या, हात ऊबदार राहतात, दुपारी खायच्या. निघण्याआधी बाबा टेबलाच्या टोकाला बसून एकेकाला विचारायचे, “किल्ली कुठं?” सांगता आली पाहिजे. घड्याळामागं असो, कुणाच्या हातात असो, कपाटाला लागलेली असो, या क्षणी कुठं आहे ते सांगता आलं पाहिजे. ज्याला सांगता येत नाही त्यानं त्या दिवशी बंदुकीला हात लावायचा नाही. एका वर्षी आइनोकाकाला सांगता आलं नाही, आदल्या रात्रीची उतरली नव्हती त्याची, तर बाबांनी सख्ख्या थोरल्या भावाला जंगलातल्या खोपटात बटाटे सोलत बसवलं. दिवसभर! संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा काका दोन बादल्यांच्या मध्ये बसून शिव्या देत होता, आणि बाबा हसता हसता खाली बसले होते. मी बारा वर्षांची. त्याच सकाळी मला पहिल्यांदा म्हणाले होते, “मार्लिस, आण ती किल्ली.” माझ्या भावाला नाही, मला. खुर्चीवर चढून किल्ली काढताना मी केवढी मोठी झाले होते... तेवढी मोठी मग पुन्हा कधी झाले नाही.

“अर्धा डझन दे,” काउंटरपलीकडून वायनो म्हणाला. वायनो म्हणजे बाबांचा खाणीतला जोडीदार, बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि जिभेला हाड नाही. “आणि कुलूप लावून दे बाई, नाहीतर तुझ्या कायद्यात पकडतील मला.”

“कुलूप आधी तुमच्या तोंडाला लावते.”

“लाव. पण संध्याकाळी तुझ्या बापाच्या तोंडाला कोण लावणार? बोलणार आहे तो सभेत. कोटबीट काढून ठेवलाय. मीच आणतोय त्याला गाडीतून.” मग पाव काखेत घेऊन जरा घुटमळला. “सकाळपासून काहीतरी शोधतोय गं तो. सगळे खण उपसून ठेवलेत. विचारलं तर म्हणतो, काही नाही.”

तिनं पिठाच्या हातानंच फोन लावला.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो.”

“काही हवंय का?”

पलीकडे खण ओढल्याचा आवाज. “नाही गं. तू सकाळी स्वयंपाकघर आवरलंस का?”

“नाही.”

“बरं,” बाबा म्हणाले. “मग काही नाही.”

आत्ता सांगता आलं असतं. बाबा, माझ्याकडे आहे, एवढंच. पण मग का नेलीस, असं त्यांनी विचारलं असतं, आणि त्याला उत्तर एकच होतं, तो मंगळवार. मागच्या दारानं ती आत शिरली, तर बाबा खुर्चीवर, मांडीवर रायफल, कपाट उघडं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे, कडक आवाजात विचारलं, “कोण हवंय तुम्हाला, बाई? तिथंच थांबा.” ती थांबली. रायफलीवरचा त्यांचा हात तिला दिसत होता, ज्या हातानं तिला खांद्याला दस्ता टेकवायला शिकवलं तोच. किती वेळ कोण जाणे... मग त्यांचा चेहरा सैल पडला. “अगं मार्लिस, दार लाव, थंडी येतेय,” म्हणाले, आणि कॉफीचं आधण ठेवायला उठले. तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं होतं, कायदा होऊ दे. मग मी म्हणेन, बाबा, काय करणार, कायदाच झालाय, द्या ती किल्ली. म्हणजे किल्ली कायदा नेईल, मी नाही. कायदा असा मागवत होते मी! पण ठराव संध्याकाळी होता आणि भीती रोज सकाळी, म्हणून आज हात पुढं गेला.

सभागृह भरलेलं होतं. वायनोनं बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. खाणीच्या निरोपसमारंभाचा कोट, केस पाण्यानं चापून बसवलेले. बाबांनी लेकीकडे पाहून मान हलवली, तशीच, जंगलात लांबून हलवायचे तशी – ठीक आहे, मी इथं आहे. ती वर लांब टेबलापाशी बसली होती. कोट तिनं काढला नव्हता.

त्यांचं नाव पुकारलं तेव्हा मागून टाळ्या पडल्या. म्हातारा रेनो आता धुऊन काढणार, असं सगळ्यांना वाटत होतं. बाबांनी माईक हातानं जरा दूर केला.

“मी भांडायला आलो होतो,” ते म्हणाले. “माझी किल्ली आयुष्यभर घड्याळामागं आहे, सगळ्या घराला माहीत, आणि कुणी कधी उगाच हात लावला नाही, हे सांगायला आलो होतो. पण आज सकाळी ती तिथं नव्हती. मीच कुठंतरी ठेवलीय. दिवसभर शोधली. मला आठवत नाही.”

त्यांनी हात वर करून लांब टेबलाकडे दाखवलं.

“माझ्या घरचा एक नियम आहे. मार्लिसला विचारा, ती बसलीय तिथं. किल्ली कुठं ते ज्याला सांगता येत नाही, त्यानं बटाटे सोलायचे. माझ्या भावाला मी बसवलं होतं.” ते हसायला गेले, पण जमलं नाही. “तर करा तुमचा कायदा. मी बसतो बटाटे सोलत.”

वायनोनं त्यांना धरून जागेवर नेलं. नको, असं करू नका बाबा, तुम्ही विसरला नाहीत, निदान हे तरी तुम्ही विसरला नाहीत... हे सगळं तिच्या आतच झालं. बाहेर ती हात खिशात घालून बसली होती, आणि लोकर बोटाभोवती इतकी आवळली गेली होती की बोट बधिर झालं होतं.

मतं घ्यायला सुरुवात झाली. हो. नाही. नाही. हो. आपलं मत काय ते तिला कधीचं ठाऊक होतं, आणि ते चूक नाही हेही ठाऊक होतं. सकाळी हेच मत केवढं जड वाटत होतं, अख्ख्या गावासमोर बापाविरुद्ध. आता ते देणं अगदी सोपं होतं. बाबांनीच ते सोपं करून दिलं होतं, स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा सोडून. खाली पहिल्या रांगेत ते पुन्हा कोटाचे खिसे चाचपत होते, आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा.

“मार्लिस लेहटिनेन?” कारकून बाईनं विचारलं. थोडं थांबून पुन्हा विचारलं, “मार्लिस?”

पण तिला ऐकू आलं ते टेबलाच्या टोकाकडून, पहाटेच्या काळोखातून, कॉफीच्या वासातून – मार्लिस, किल्ली कुठं?

आणि त्या भरल्या सभागृहात ते सांगता येणारी ती एकटीच होती.