वनिताचे सात

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या शाळेत शिपायालाही ठाऊक होतं. मी विज्ञान शिकवायचो. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. तरी एका प्रयोगाची पोरं वर्षभर वाट बघत. तीन मीटर लांब पत्र्याची पन्हळ एका बाजूनं विटांवर टेकवायची, वरून बेअरिंगची गोळी सोडायची आणि ती खाली पोचेपर्यंतचा वेळ मोजायचा. त्यावरून गुरुत्वाकर्षणाचं त्वरण काढायचं. गोळी घरंगळताना चाळीस पोरं श्वास रोखून बसत. ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो.

पुस्तकात उत्तर ९.८. पोरं चलाख, आधी उत्तर लिहून आकडे मागून जुळवत. वनिता मात्र जे दिसे तेच लिही, आणि तिला दरवेळी सात मिळे. ‘सातच येतंय सर,’ ती म्हणाली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भर वर्गात तिला मी तो आकडा खोडायला लावला.

गेल्या महिन्यात माझ्या नातीनं, शेफालीनं, घरी तोच प्रयोग मांडला. तिचंही सात आलं. मी ओरडणार तेवढ्यात तिनं तिचं कॉलेजचं पुस्तक पुढं केलं. गोळी नुसती घसरत नाही, स्वतःभोवती फिरते. त्यात तिचा काही जोर खर्ची पडतो, म्हणून सातच यायला हवं. इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं होतं! मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी भोरहून एसटीनं हिर्डोशी गाठली. वनिता तिथंच शेती करते. चहा झाल्यावर मी कसंबसं सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, त्या दिवसानंतर कुठलंही उत्तर छातीठोकपणे दिलं नाही, आधी शेजारणीच्या वहीत बघायची. मी माफी मागितली. तिनं नकारार्थी मान हलवली.

“सर, तुमी खोडाया लावलं तवा सगळा वर्ग बघत व्हता. आता हे बी चार माणसांत सांगा.”

तिनं नवऱ्याला, नागसेनला, शेतातून बोलावलं. लेक प्रेरणा आली, शेजारपाजारचे आले. मी उठून उभा राहिलो.

“वनिताचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती.”

तिच्या सासूबाईंना, ठकुबाईंना, कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी मी ते पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगितलं.