फिल्टर साफ होता

पुलाच्या चढावर मृणालने गिअर बदलला आणि गाडीने पुन्हा तोच आचका दिला. इंजिनाचा जीव क्षणभर घशात अडकला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. मृणालने चटकन एसी बंद केला, तशी गाडी खाकरत पुढे सरकली.

मागे बसलेल्या सत्यभामाबाईंनी समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. तोंड मात्र धरलं नव्हतं.

"क्लचवर पाय ठेवूनच बसते हे. अशानं कोनाची गाडी टिकन?"

सुनेने आरशात पाहिलंसुद्धा नाही. तिच्या शेजारी बसलेल्या शेषराव मिस्त्रींनी मान तिरपी करून तिच्या पायांकडे पाहिलं आणि पुन्हा इंजिनाच्या आवाजाला कान लावला.

"पाय बरोबर आहे, वहिनी. रोग दुसरीकडं आहे."

शेषराव भिलाईच्या स्टील प्लांटच्या गॅरेजातून रिटायर झालेले, सत्यभामाबाईंच्या नवऱ्याचे, शामरावांचे, जुने सोबती. म्हणून गाडी विकण्याआधी शेवटचा हात त्यांनी फिरवावा असं ठरलं होतं. संध्याकाळी पाच वाजता मृणालचा नवरा धर्मेंद्र गिऱ्हाईक घेऊन येणार होता. चढावर मरणारी गाडी, मागे ट्रक; बायकोला असं रोज उतईच्या शाळेपर्यंत पाठवायला तो तयार नव्हता. गाडी गेली की मृणालची नोकरीही गेलीच. बस पोचायची ती प्रार्थना संपल्यावर, आणि मोठ्या बाईंनी दोनदा लेखी समज दिलेली.

धर्मेंद्रच्या डोक्यात हे भरवलं कोणी, ते सगळ्या सेक्टरला ठाऊक होतं. सुनेला गाडी झेपत नाही, हे सत्यभामाबाईंनी शेजारच्या सिंधुताईंच्या ओट्यावर बसून वीस दिवस सांगितलं होतं. त्याच ओट्यावर त्या 'माई सून मास्तरीण' असंही सांगायच्या. पण ते मृणाल घरात नसताना.

वैशाली नगरला मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉनेट उघडलं गेलं. शेषरावांनी एसी लावला, बंद केला, पुन्हा लावला. कॉम्प्रेसरने पकड घेतली की इंजिन खाली बसायचं. त्यांनी प्लग काढून पाहिले, पंखा फिरतो का पाहिला, गॅसचा दाब मोजला. सगळं ठीक. चार वाजून गेले. मृणाल खांबाला टेकून उभी होती. फोनवर वेळ पाहायची आणि फोन पालथा धरायची.

शेवटी शेषरावांनी एअर फिल्टर काढून उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"हा कधी बदलला होता?"

"दोन वर्षं झाली, काका."

"दोन वर्षं? अन् भिलाईत? मंग एवढा साफ कसा?"

स्टुलावर बसलेल्या सत्यभामाबाईंचा पदराशी चाललेला चाळा थांबला.

शेषरावांचा हात पाइपावरून पुढे सरकला, दिव्याच्या मागे जिथून गाडी हवा ओढते तिथे पोचला आणि थबकला. त्यांनी गाठ सोडून काहीतरी बाहेर ओढलं. खाकी फडकं होतं. पापडासारखं कडक.

शामराव लोहखनिजाची भुकटी भाजणाऱ्या सिंटर प्लांटमध्ये होते. तिथली लाल धूळ भातात यायची, तिथे स्कूटरची काय कथा. स्कूटरच्या हवेच्या तोंडावर ते जुन्या वर्दीचं विरलेलं फडकं बांधायचे आणि दर रविवारी सत्यभामाबाई ते धुवायच्या. धुतलेल्या कपड्याला कांजीची खळ लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून दर रविवारी शामराव सांगायचे, "याले कांजी नको लावू. गाडीचा दम कोंडते."

ते गेले. मग गाडी आली, तेव्हा तिलाही सत्यभामाबाईंनी गुपचूप तसंच फडकं बांधलं. महिन्याला धुवायच्या, टाचा उंचावून परत बांधायच्या. यंदा धम्मचक्र दिनासाठी पांढरी लुगडी कांजीत बुडवली, त्याच बादलीत तेही गेलं. सांगायला कोणी नव्हतं. गाडी आचके द्यायला लागली ती त्याच आठवड्यात.

ती दुहेरी गाठ शेषरावांच्या ओळखीची होती. सगळा प्लांट तशीच मारायचा. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी नजर खाली घातली नाही. मग त्यांनी मृणालकडे पाठ केली आणि फडकं मुठीत आवळलं.

"उंदरानं चिंध्या कोंबल्या होत्या, बेटा. हवाच भेटत नव्हती इंजिनले. लाव आता एसी."

मृणालने लावला. इंजिन किंचित दबलं, सावरलं आणि एका सुरात चालत राहिलं. ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली.

उंदराला काय, नाव ना गाव. तिथेच मिटलं असतं.

सत्यभामाबाईंचा फोन वाजला. गिऱ्हाईक निघालं आहे, असं धर्मेंद्र सांगत होता.

"त्याले परत पाठव. गाडी विकाची नाही."

पलीकडून बरंच काही आलं. तूच तर म्हणत होतीस, तिचा पाय, तिचा क्लच. ऐकता ऐकता त्या उठल्या आणि शेषरावांपुढे हात पसरला. शेषरावांनी मूठ उघडली नाही. हात तसाच राहिला. शेवटी त्यांनी फडकं दिलं.

"तिच्या पायात काही नव्हतं," सत्यभामाबाई फोनात म्हणाल्या. "घरी ये, सांगतो. अन् येताना सिंधुताईले बी बोलावून आन."

परत जाताना त्यांनी मागचं दार उघडलं, बंद केलं आणि पुढे येऊन बसल्या. फडकं मांडीवर होतं. मृणालने त्याच्याकडे एकदा पाहिलं. सासऱ्यांची वर्दी अजून कपाटात घडी घालून ठेवलेली होती; रंग ओळखायला वेळ लागला नाही. तिने गाडी रस्त्याला लावली.

पुलाचा चढ आला. मागे ट्रक होता. मृणालचा हात सवयीने एसीच्या बटणाकडे गेला.

"राहू दे चालू," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्या नखाने फडक्यावरची कांजी खरवडत होत्या.