कोपरच्या खाडीवरचे सातशे परदेशी पाहुणे

शेवंतीच्या खानावळीपुढे रांग लागली होती, पण ती जेवणासाठी नव्हती. आत टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याला झेंडूचा हार घातला होता, की-बोर्डवर हळदकुंकू वाहिलं होतं. रांगेतला एकेक जण चपला काढून पुढे यायचा, देवळातली घंटा वाजवावी तसं एक बटण दाबायचा आणि हात जोडून बाजूला व्हायचा. बटण दाबलं की पडद्यावर शेवंतीच्या घराचं चित्र नव्याने उमटायचं आणि तळाचा आकडा एकाने वाढायचा. सातशे बावीस. सातशे तेवीस. प्रत्येक आकड्याला लोक ओरडत होते.

"आला! आणखी एक पाहुणा आला!" संगणकानंद गरजले. अंगात भगवा झब्बा, गळ्यात टाय. "हा जर्मनीचा दिसतोय! माउली, जगभरातले लोक तुझं घर बघतायत. कोळी लोकहो, तुमचं जाळं एका खाडीत पडतं. माझं जाळं सातासमुद्रांत पडतं! वेबसाइट सगळेच बनवतात हो. मंत्रसिद्ध वेबसाइट फक्त मी बनवतो!"

हे १९९८ च्या ऑक्टोबरमधलं. मी सुमती. डोंबिवलीच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन बुवांचे चमत्कार उघडे पाडते. जिभेवर कापूर जाळून दाखवला, नारळातून जाळ काढून दाखवला. लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या आठवड्यात नव्या बुवाकडे जातात. खरं सांगते, मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. त्या रविवारी मी गुडघ्यांना तेल लावून पडून राहणार होते.

पण सकाळीच भिवाजी दारात आला. हा केमिकल कंपनीत कामाला, शेवंतीकडे राहणाऱ्या-जेवणाऱ्या सहा जणांपैकी एक. "बाई, तुम्हीच तिला सांगा. एक तारखेला खोल्या सोडायला सांगितल्यात. गोरे पाहुणे येणार म्हणे. चौघं तर आधीच गेले."

शेवंती माझी विद्यार्थिनी. आठवीत शाळा सुटली तिची. नवरा गेल्यावर तिने दोन खोल्या आणि एक चूल यांच्यावर घर उभं केलं होतं. ते घर या सहा जणांवरच चालत होतं. ते गेले की ती रस्त्यावर येणार, हे कळायला कॉम्प्युटर लागत नव्हता. मी चपला घातल्या.

मला बघून शेवंती लाजत पुढे आली. नवं पातळ, केसांत अबोलीचा गजरा. "बाई, बघा ना. माझे घराचा फोटू अमेरिकेत!"

"आणि ही पोरं का घालवलीस?"

"महाराज बोलले, खोल्या रिकाम्या पायजेत. भरलेल्या घरात साइट फळत नाय."

"अहो बाई, कसली शंका घेताय?" मागून दगडू बोलला. त्याची मिनीबस होती, सहली न्यायचा. त्यानेही पैसे भरून महाराजांकडे वेबसाइटसाठी नाव नोंदवलं होतं. "डोळ्यांसमोर नंबर पळतोय ना!"

तेवढ्यात टेबलाखालच्या खोक्यातून किर्र, टिंग, खर्र असा आवाज आला. संगणकानंदांनी डोळे मिटले. "शांत! फोनच्या तारेतून अमेरिकेशी बोलणं चाललंय." रांगेतल्या बायकांनी पदर सावरले.

आमच्या शाळेत वर्षभरापूर्वी इंटरनेट आलं होतं. ते सुरू झालं की हेडमास्तरांचा फोन बंद पडतो आणि ते ऑफिसातून ओरडतात. एका तारेवर एका वेळी एकच काम होतं. मी काही न बोलता बाहेर पडले. तीन दुकानं सोडून पीसीओ होता. तिथून शेवंतीचा नंबर फिरवला.

खानावळीतल्या फोनची घंटा वाजली. रस्त्यावरूनसुद्धा ऐकू येत होती.

"कोन बोलतंय?" शेवंतीचा आवाज.

"मी सुमतीबाई. पीसीओत उभी आहे. शेवंते, तुझा फोन अमेरिकेत गुंतलाय ना? मग मला कसा लागला?"

पलीकडे तिने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि भिवाजीला हाक मारली.

मी परत आले तेव्हा रांग मोडून लोक टेबलाभोवती गोळा झाले होते. भिवाजीने खाली वाकून खोकं उघडलं होतं. आत टेपरेकॉर्डर होता आणि कॅसेट अजून किर्र-टिंग करत फिरत होती.

"ती वातावरणनिर्मिती!" संगणकानंद म्हणाले. "खरी लाइन वरून येते. सॅटेलाइट! आकडा खोटा आहे का? आकड्याचं बोला!"

"आकड्याचंच बोलू," मी म्हटलं. "सगळ्यांनी हात मागे घ्या. दहा मिनिटं कुणी बटण दाबायचं नाही. जर्मनीचे, जपानचे पाहुणे आपापले येऊ देत."

आकडा सातशे एकेचाळीसवर होता. भिंतीवरचं घड्याळ सगळे बघत राहिले. कुणी खोकलं, कुणी पंखा वाढवला. दहा मिनिटं झाली. सातशे एकेचाळीस.

"तिकडे जेवायची वेळ असेल," दगडू पुटपुटला, पण त्याचा आवाज पडला होता.

मी फोनची तार भिंतीतून उपटून सगळ्यांना दाखवली. आता कॉम्प्युटरला विजेशिवाय दुसरी तारच नव्हती, छतावरून येणारीही नाही. "शेवंते, आता तू दाब."

तिने बटण दाबलं. सातशे बेचाळीस.

"कुठला पाहुणा आला हा?"

तिने पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "मीच की, बाई."

सगळं एवढंच होतं. पान याच कॉम्प्युटरच्या पोटात होतं, जगात कुठेच नव्हतं. पान उघडलं की आकड्यात एक मिळव, एवढा एकच हुकूम त्या यंत्राला दिलेला. पहिले सातशे त्या माणसाने स्वतः टाइप करून ठेवले होते, म्हणजे दुकान चालू दिसावं. पुढचे पाहुणे आपणच. घंटा वाजवून दर्शन घ्यायची आपली सवय त्याने नीट हेरली होती. आपण रांगेने आलो, घंटा वाजवली आणि स्वतःलाच परदेशी पाहुणा समजून टाळ्या पिटल्या.

संगणकानंद मागच्या दाराकडे सरकत होते. दगडूने त्यांचा टाय धरला. "चला महाराज, चौकीवर जाऊ. तिथं तुमचा एक नंबर वाढवू." लोक हसले. मला हसू आलं नाही.

शेवंती हार काढत होती. "म्हणजे बाई, माझे घराकडं कुनीच नाय बघितलं?"

"नाही गं."

"मना रोज बरा वाटायचा. रांधताना वाटायचा, कुनीतरी बघतंय." तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, रागही आला, आणि हा राग कुणावर काढावा ते कळेना. मग तिने पदराने डोळे पुसले आणि दाराशी उभ्या भिवाजीला विचारलं, "गेलेले चौघं कुठं जेवतात रे?"

"स्टेशनजवळ. आमटीत नुसतं पाणी असतं म्हणतात."

"चल, दाखव मना." ती तशीच, गजऱ्यासकट निघाली. तिघं परत आले. चौथा आला नाही. त्याला दुसरीकडे खोली मिळाली होती, आणि ती जागा पुढे दोन महिने रिकामीच राहिली.

वेबसाइटला माझा विरोध नाही. उद्या लॉजवाल्यांना, सहलवाल्यांना ती लागेलच. पण ती एक पाटी आहे. पाटी रंगवणारा 'हजारो लोकांनी वाचली' म्हणाला, तर दारात आलेल्या गिऱ्हाइकाला विचारा, तुम्हाला कसं कळलं? दारात कुणी आलेलंच नसेल, तर हजार कुठून आले? बुवा बदलतील, यंत्रं बदलतील, माझ्यासारख्या मास्तरणी थकून घरी बसतील. प्रत्येक रांगेत येऊन तार उपटायला मी पुरणार नाही. आकडा पळताना दिसला की हात मागे घ्या आणि दहा मिनिटं थांबा. एवढं तुमचं तुम्ही करा.