भुताने दारात काढलेल्या चपला

मी बोलतेय. इकडे, खाली बघा. दाराशेजारी, भिंतीला टेकून बसलेय ती. मी एक कोल्हापुरी चप्पल आहे, डाव्या पायातली. उजवी बहीण शेजारीच आहे, पण ती फक्त चालताना बोलते. त्यामुळे दोघींची गोष्ट मलाच सांगावी लागणार.

तुम्ही आम्हाला कदाचित पाहिलंही असेल. कॉलेजच्या दिवसांत कुणी मित्राने सीडी लावून 'बंद कोठी का किरायेदार' नावाचा भुताचा सिनेमा दाखवला असेल, तर त्या भुताच्या पायात आम्हीच होतो. मी हे अभिमानाने सांगते. एवढ्या लोकांना घाबरवणाऱ्या चपला दुसऱ्या कुठे असतील, तर मला भेटायला आवडेल.

माझा जन्म कोल्हापूरचा. माझ्या कारागिराने तळव्याच्या दोन थरांमध्ये बिया भरल्या, म्हणजे पाऊल टाकलं की कर्र कर्र आवाज यावा. शिवून झाल्यावर त्याने आम्हाला पायात घातलं, दुकानात एक फेरी मारली आणि म्हणाला, "वाजतेय झकास." मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

बडोद्याच्या प्रतापरावांनी आम्हाला जावयासाठी विकत घेतलं. "जावईबापू गल्लीत शिरले की घरात कळलं पाहिजे," असं ते दुकानदाराला म्हणाले. हे जावईबापू म्हणजे हंबीरराव. त्यांचे आजोबा गायकवाड सरकारच्या पागेत होते. हंबीरराव वाघोडियाच्या एका कारखान्याच्या गेटवर पहारा देत. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, बोलणं मात्र कमी. बायको येसूबाई त्यांच्या वाटचंही बोलत असे.

हंबीरराव भरभरून बोलत ते फक्त स्टेजवर. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीजवळच्या गणेश मंडळाच्या नाटकात दरवर्षी ते सरदार किंवा राजा असत. तरसालीच्या घरून ते तालमीला जात आणि आम्ही रस्ताभर वाजत जात असू. तालमीच्या दारात मात्र ते आम्हाला काढून ठेवत. देऊळ असो, घर असो, स्टेज असो, ते चपला काढल्याशिवाय आत जात नसत. काढण्याची पद्धतही ठरलेली. उजव्या पायाने माझी टाच दाबायची, मग डाव्याने बहिणीला मोकळं करायचं आणि शेवटी अनवाणी पायानेच आम्हा दोघींना भिंतीकडे सरकवायचं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून.

दोन हजार चारमध्ये अशाच एका तालमीला दीनानाथ नावाचे गृहस्थ आले. त्यांना सिनेमा काढायचा होता. हंबीरराव आवारातून चालत आले, तर दीनानाथ डोळे मिटून ऐकत बसले.

"हंबीरराव, माझ्या सिनेमात भूत व्हाल?"

"मी? माझं तोंड भुतासारखं आहे होय?"

"तोंडाला आपण पांढरी जाळी लावू. मला तुमच्या पायांचा आवाज हवाय."

म्हणजे खरं तर निवड माझी झाली होती. हंबीररावांना मी हे कधी सांगितलं नाही.

गोष्ट साधी होती. एका बंगल्यातल्या भाडेकरूला फसवून बाहेर काढलेलं असतं. तो मरतो आणि आपली खोली मागायला परत येतो. सिनेमाभर तो दिसत नाही, फक्त वाजतो. अंगणात कर्र कर्र, जिन्याखाली कर्र कर्र. शेवटच्या प्रसंगात तो पहिल्यांदा दारात उभा राहतो आणि तरातरा आत शिरतो. निदान तसं ठरलं होतं.

शूटिंग एका जुन्या बंगल्यात झालं. मालकीण जिजाबाई आतच राहत होत्या आणि त्यांचा देव्हारा दारातून समोर दिसत असे. कॅमेरा सुरू झाला. हंबीरराव पांढरी जाळी लावून आले. उंबऱ्याशी थांबले. उजव्या पायाने माझी टाच दाबली, डाव्याने बहिणीला मोकळं केलं, आम्हाला भिंतीकडे सरकवलं आणि अनवाणी आत गेले.

"अहो!" दीनानाथ ओरडले. "भूत आहात तुम्ही! चपला कसल्या काढता?"

"आत देव आहेत ना," हंबीरराव जाळीतून म्हणाले.

जिजाबाईंनी मान डोलावली. "बरोबर आहे त्यांचं. चपला घालून आले असते, तर मीच हाकललं असतं."

आणलेली फिल्म तेवढ्यात संपली होती. नवी आणण्याची ऐपत दीनानाथांची नव्हती. प्रसंग तसाच राहिला.

सिनेमा लागला, तेव्हा हंबीररावांनी मंडळातल्या सगळ्यांना पुढच्या रांगांत बसवलं. येसूबाई नवी साडी नेसून आली होती. बराच वेळ लोक गप्प होते. माझा आवाज आला की बायका नवऱ्याचा हात धरत होत्या. मग शेवटचा प्रसंग आला. भुताने चपला काढल्या.

"अल्या, भूत तो बहु संस्कारी छे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"काकी, भूत माटे चा मूको!" दुसरा भुतासाठी चहा ठेवायला सांगत होता.

सगळं थिएटर हसलं. मंडळातलेही हसले. हंबीररावांचे पाय आमच्यावर होते. ते घट्ट झाले, बोटं आत वळली. सिनेमा संपायच्या आत ते उठले आणि पहिल्यांदाच असे चालले की माझा आवाज होऊ नये.

आठवडाभरात सिनेमा उतरला. पुढच्या गणपतीत मंडळाने राजाचं काम देऊ केलं. तालमीच्या दारात त्यांनी आम्हाला काढलं, तसा आतून एकजण म्हणाला, "या भूतराव, संस्कार बाहेर ठेवून या!" हंबीररावांनी आम्हाला पुन्हा पायात घातलं आणि परत फिरले. त्यानंतर त्यांनी नाटक सोडलं, आम्हालाही सोडलं. येसूबाईने वडिलांची भेट म्हणून आम्हाला दाराजवळच्या रॅकच्या खालच्या फळीवर ठेवलं. अधूनमधून तेल लावायची आणि माझ्याशीच बोलायची. "एक माणूस होता, राजासारखा बोलायचा. आता मीठ हवं तरी बोट दाखवतो."

बरीच वर्षं अशी गेली. मग एका दुपारी दाराशी एक मुलगी आली. जीन्स, खांद्याला झोळी, नाव मोहना. तिने चपला काढल्या आणि विचारलं, "काकू, हंबीरराव इथेच राहतात ना? दीनानाथ सरांनी पत्ता दिला. 'किरायेदार'मधले भूत."

येसूबाईला हंबीररावांनी याचं उत्तर शिकवून ठेवलेलं होतं. "ते यांचे चुलतभाऊ. वारले."

"अरेरे!" मोहनाचा चेहरा पडला. "कधी?"

येसूबाई गडबडली. एवढं शिकवलेलं नव्हतं. "बस गं, पाणी देते," म्हणून ती आत गेली.

तेवढ्यात हंबीरराव कामावरून आले. पायात पहाऱ्याचे बूट. दारात थांबले, उजव्या पायाने डाव्याची टाच दाबली, डाव्याने उजवा मोकळा केला आणि पायानेच जोड भिंतीकडे सरकवला.

मोहना ताडकन उभी राहिली. "काकू, वारलेले आले!"

येसूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच हसायला लागली. हंबीररावांना कळेना, रागवावं की आत पळावं.

"काका, ते तुम्ही मुद्दाम केलं होतं? चपला काढणं?"

"नाही हो. सवय. चुकलंच ते. आता तुम्हीही हसायला आलात का?"

"पहिल्यांदा आम्हीही हसलो होतो," मोहना म्हणाली. "होस्टेलवर सीडी होती. दुसऱ्यांदा लावली, तेव्हा कुणी हसलं नाही. काका, चपला घालून दारात येतो तो माणूस बोलून परत जातो. चपला काढतो तो राहायला आलेला असतो. तुम्ही त्या नीट भिंतीला लावता, तेव्हा कळतं की हा आता कधीच जाणार नाही. शिवाय इतका वेळ तो कुठे आहे ते ऐकू येत होतं. त्यानंतर काहीच ऐकू येत नाही. आमच्यातल्या दोघीजणी त्या दिवशी खोलीत एकट्या झोपल्या नाहीत."

हंबीरराव खाली बसले. एवढ्या वर्षांत त्या प्रसंगाकडे कुणी या नजरेने पाहिलं नव्हतं.

"रविवारी आम्ही हॉल घेऊन दाखवतोय," मोहना म्हणाली. "तुम्ही या. त्या चपला आहेत का अजून?"

येसूबाईने आम्हाला रॅकमधून काढून मधोमध ठेवलं. "तेल लावलेल्या आहेत," ती म्हणाली.

हॉलमध्ये हंबीरराव मुद्दाम दरवाजाजवळ बसले. "हसले, की उठायचं," त्यांनी येसूबाईला बजावलं.

"उठू," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून ठेवला.

शेवटचा प्रसंग आला. पडद्यावर भूत उंबऱ्याशी थांबलं. हंबीररावांची बोटं माझ्यावर पुन्हा आवळली. तेवढ्यात हॉलभर सळसळ झाली. बूट, सँडल, स्लिपर. रांगेमागून रांग पायातलं काढून पायानेच बाजूला सरकवत होती.

"काय करताहेत हे?" हंबीरराव कुजबुजले.

"तुमच्यासारखं," येसूबाई म्हणाली.

मागे एका नवख्याने "भूत तो संस्कारी..." एवढं म्हटलं आणि सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं. मग शांतता पसरली. पडद्यावर रिकामा जिना, कुठलाच आवाज नाही. आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी जोरात किंचाळलं.

माझ्यावरची बोटं सुटली.

मोहनाने त्यांना स्टेजवर बोलावलं. ते उठले आणि आम्ही दोघी एवढ्या वर्षांचं साठलेलं वाजलो. कर्र कर्र, कर्र कर्र. हॉलमधले सगळे माना वळवून बघत होते. पायरीशी ते थांबले, कारण समोर स्टेज होतं. उजवा पाय माझ्या टाचेवर आला. त्यांनी आम्हाला काढलं, बाजूला सरकवलं आणि अनवाणी वर गेले. हॉल उठून उभा राहिला.

"घाबरलात का?" त्यांनी विचारलं. राजाचा आवाज होता तो. माइकची गरजच नव्हती.

"हो!"

"मग झालं तर," हंबीरराव म्हणाले आणि हसले.

नंतर मुलांनी मला काचेच्या पेटीत ठेवायचं म्हटलं. हंबीरराव म्हणाले, "चपला आहेत त्या. घालायच्या असतात." मीही तेच म्हटलं असतं. तुम्हालाही सांगते, आमच्यासारख्यांना काचेत घालू नका. आम्हाला झिजू द्या.

आता मी जुनी झालेय. अंगठा सैल आहे, बिया गळत चालल्यात, आवाज थोडा बसलाय. पण या क्षणी मी तालमीच्या दाराबाहेर आहे, घडियाळी पोळेजवळ. आतून राजाचा आवाज येतोय आणि एकेकाळी त्यांना हसणारे तेच जुने लोक तो ऐकताना आपली वाक्यं विसरताहेत. तुम्ही आत जाणार असाल, तर तुमच्याही चपला इथेच काढा, आमच्या शेजारी. आमच्यावर पाय देऊ नका आणि आम्ही कधी निघणार, असंही विचारू नका. त्यांनी आम्हाला नीट भिंतीकडे सरकवून ठेवलंय.