उडीचं बटण

मित्रांनो, माझ्या उजव्या बाजूला चार बटणं आहेत. त्यांतलं सगळ्यात खालचं जरा निरखून बघा. बाकीच्या तिन्हींवरची अक्षरं अजून वाचता येतात, याच्यावरचं मात्र पार पुसून गेलं आहे. ते उडीचं बटण. मी एक जुना, वायरीचा गेमपॅड, म्हणजे संगणकावरचे खेळ खेळताना हातात धरायचं यंत्र. पुंडलिकनगरात राजकुमारदादांच्या घरी माझा मुक्काम असतो. माझ्याकडून झालेली एक चूक मला तुम्हाला सांगायची आहे, पण त्याआधी थोडी बढाई ऐकून घ्यावी लागेल. म्हाताऱ्यांचं असंच असतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दादांनी मला खोक्यातून काढलं, रिमोट समजून टीव्हीसमोर धरलं आणि आवाज वाढत कसा नाही म्हणून दोनदा तळहातावर आपटलं. त्यांची मुलगी निशा तेव्हा दहावी पास झाली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला संगणकाला जोडलं आणि त्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली.

निशाला आवडायचे ते खेळ मोठे विचित्र होते. दोन-चार माणसांनी घरात बसून बनवलेले. त्यात ना लढाई, ना गाड्या. एक इवलासा प्राणी, पुढे काटे, खड्डे आणि निसटत्या पायऱ्या. पळायचं आणि उडी मारायची, बस्स. ऐकायला सोपं वाटतं ना? पहिल्याच दुपारी खेळातल्या एका खोलीत ती दीडशे वेळा पडली. मला वाटलं, आता ही मला भिंतीवर फेकणार. एकदा फेकलंही, पण गादीवर, आणि लगेच उचलून पुसलं.

मग मला तिच्या अंगठ्यातून हळूहळू उलगडत गेलं. प्रत्येक पडण्यानंतर तो अंगठा केसभर सुधारायचा. काल ज्या काट्यावर जीव जायचा, तो आज सहज मागे पडायचा. काटा तसाच होता, खड्डाही तेवढाच होता, बदलली होती ती निशा. या गोष्टीची चव एकदा कळली की सोपा खेळ मिळमिळीत लागतो. तिची कितीतरी वर्षं माझ्या बटणांवर गेली आणि त्या सगळ्या उड्यांचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःकडेच घेत होतो.

पुढे निशा इंजिनीअर झाली आणि माझी रवानगी कपाटाच्या खणात झाली. शेजारी एक बंद पडलेलं घड्याळ आणि नेलकटर. बाहेर निशा आता स्वतःच एक खेळ बनवत होती. शाळेच्या सहलीत तिनं दौलताबादचा किल्ला पाहिला होता. त्यावरून एक खार किल्ला चढत जाते, असा खेळ तिनं रचला आणि त्याला ‘चढण’ असं नाव दिलं. मला मात्र कोणी विचारलं नाही. नवा पॅड आणला होता ना तिनं. खणात पडल्या पडल्या मी रुसून बसलो.

मला बाहेर काढलं ते विशाखाआत्यासाठी. विशाखा ही दादांची धाकटी बहीण. ती याच घरात राहते आणि चितेगावच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम करते. लोखंडी भाग गेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या मापाच्या साच्यात, घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. अकरा वर्षांत तिनं चुकीचा माल पुढे जाऊ दिला नव्हता. मग एका सकाळी पैठण रोडवर तिची स्कूटी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, पण अंगठा आखडला. डॉक्टर म्हणाले, बोटं चालवत राहा. तिनं कणीक मळून पाहिली, रबरी चेंडू दाबून पाहिला आणि चार दिवसांत कंटाळली.

निशाचा नवा पॅड आत्याच्या हाताला मोठा पडत होता. मी लहान. म्हणून निशानं खण उघडला, माझ्यावरची धूळ फुंकली आणि मला आत्याच्या हाती दिलं.

आत्यानं याआधी कधी असा खेळ खेळला नव्हता. खार पहिल्याच खड्ड्यात गेली, पण डोळ्यांची पापणी लवायच्या आत पुन्हा जागेवर उभी राहिली. आत्या चमकली. पुन्हा पडली, पुन्हा खार उभी. असं तासभर चाललं. निशानं विचारलं, राग येत नाही का गं? तेव्हा आत्या जे बोलली ते मी जपून ठेवलं आहे.

“मी स्कूटीवरून पडले तर सगळं गाव विचारायला आलं, कशी पडलीस, कामून पडलीस. ही खार पडली की तिला कोणी काय विचारत नाय. लगेच उभी करतंय. लई बरं वाटतंय मला.”

दोन आठवड्यांत ती सहा टप्पे चढली. अंगठा वळायला लागला, चहाचा कप ती उजव्या हातानं धरू लागली. आणि मग कारखान्यातून सुपरवायझरचा फोन आला. सोमवारी हजर व्हायचं होतं. हात चालत नसेल तर गेटवर नोंदवहीजवळ बसायची सोय केली आहे, असं ते आपुलकीनं म्हणाले. आत्याला ती आपुलकी टोचली. तिनं निशाला सांगितलं, की सोमवारच्या आत सातवा टप्पा पार केला तर गेजच्या टेबलावर जाईन, नाहीतर गेटवर. तिचा स्वतःशीच हा करार होता.

सातव्या टप्प्यात तीन पायऱ्या लागोपाठ निसटतात. तीन उड्या, मध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नाही. आणि मित्रांनो, माझी चूक इथेच आहे. माझ्या पोटात, चारही बटणांच्या खाली मिळून, एकच पातळ रबर असतं. उडीच्या बटणाखाली ते चिरलं होतं. आत्या बटण दाबायची आणि कधीमधी ते दाबणं माझ्या आतच विरून जायचं. खार जागची हलायची नाही. आत्या आपल्या अंगठ्याकडे बघायची, तो चोळायची आणि पुन्हा दाबायची. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई, तुझा अंगठा ठीक आहे, मीच खोटा पडलोय. पण गेमपॅडला तोंड नसतं. शनिवारपर्यंत तिच्या खेळण्यातला सगळा जोर ओसरला. ती गेटवरच्या खुर्चीची गोष्ट काढू लागली, खुर्ची चांगली आहे, वर पंखा आहे.

निशाला ते बघवलं नाही. अशा खेळांत बनवणाऱ्यानं एक छोटीशी माया आधीच ठेवलेली असते. पायरीच्या कडेवरून पाय सुटला तरी क्षणाच्या अगदी लहान तुकड्यापुरती उडी मान्य होते. खेळणाऱ्याला ते कळतही नाही. निशानं आत्या जेवायला गेलेली असताना तो तुकडा तिप्पट केला, फक्त आत्यासाठी, आणि गप्प बसली.

जेवून आत्या बसली. दुसऱ्याच खेपेला सातवा टप्पा पार झाला. निशानं टाळ्या वाजवल्या. आत्या मात्र पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं तो टप्पा पुन्हा सुरू केला, खारीला मुद्दाम कडेवरून चालत खाली सोडलं आणि उशिरा बटण दाबलं. खार हवेतून उडाली. आत्यानं आणखी उशीर केला. तरी उडाली. अकरा वर्षं मापं तपासलेली बाई ती. तिला फसवायला निशाला अजून बराच वेळ लागेल.

“माप बदललंस का?” तिनं विचारलं.

निशा खाली मान घालून व्हय म्हणाली. तुला लई त्रास व्हायला होता, म्हणून केलं, असंही म्हणाली.

“मग सोमवारी मी टेबलावर बसणार कशाच्या जोरावर? खराब माल पास करून पाठवायलीस तू मला.” आत्याचा आवाज चढला नव्हता, तरी निशाचे डोळे भरले. ते पाहून आत्या मऊ झाली. “सगळ्याला देतीस तेवढीच सूट मला दे. जादा नको. मह्या पडण्यात मला काय कमीपणा नाय.”

निशानं माप पूर्ववत केलं. रविवारी सकाळी आत्या पुन्हा पडू लागली. पण आता ती पडणी निवडत होती, जशी टेबलावर माल निवडते. ही घाई झाली. हा उशीर. ही पुन्हा घाई. आणि मग एक पडणं असं आलं, ज्याचं कारण सापडेना. ती थांबली. खारीला सपाट जमिनीवर उभं केलं आणि उजव्या अंगठ्यानं वीस वेळा बटण दाबलं. खार सतरा वेळा उडाली. मग मला मांडीवर आडवं धरून तेच बटण डाव्या अंगठ्यानं वीस वेळा दाबलं. हा तर धडधाकट अंगठा. खार पुन्हा सतराच वेळा उडाली.

आत्या कपाळाला हात लावून हसायला लागली. “रोज शिफ्ट लागली की आधी गेज तपासते मी, मग माल. आन् घरी बसून थेट अंगठाच लाल डब्यात टाकला.”

मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.

दादांच्या चष्म्याचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर आला. निशा उघडायला पुढे झाली, पण आत्यानं मला आपल्याकडे ओढलं. पाठीवरचे सहा स्क्रू तिनं उजव्या हातानं काढले. सहावा निसटून फरशीवर गेला. ज्वारीच्या दाण्याएवढा तो स्क्रू दोनदा तिच्या चिमटीतून सुटला. निशाचा हात आपसूक पुढे आला आणि तिनं तो मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला. तिसऱ्या वेळी स्क्रू आत्याच्या चिमटीत होता. मला वाटतं, सातवा टप्पा खरं तर तिथेच पार झाला.

चिरलेलं रबर तिनं बाहेर काढलं, कापडानं पुसलं आणि अर्धं फिरवून बसवलं. चारांतलं सगळ्यात वरचं बटण खेळातला नकाशा उघडायचं, ते फारसं कोणी दाबत नाही. त्याच्याखालचं धड रबर आता उडीखाली आलं. तेव्हापासून नकाशाचं बटण अधूनमधून रुसतं. रुसू द्या, त्यानं इतकी वर्षं आरामच केला आहे.

त्या दुपारी आत्या सत्तेचाळीस वेळा पडली. अठ्ठेचाळिसाव्या वेळी तीनही पायऱ्या खारीच्या मागे निसटल्या आणि ती पुढे उभी राहिली. आत्यानं मला अलगद खाली ठेवलं, फोन उचलला आणि सुपरवायझरला सांगितलं, “जय भीम साहेब, विशाखा बोलतेय. उद्या येते. गेजच्या टेबलावर.”

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू नीट चालेनाशी झाली तर तिला फेकण्याआधी एकदा उघडून बघा. बऱ्याचदा दुखणं छोटं असतं. आणि कोणाकडून एखादं काम होत नसेल, तर त्याच्या हाताला नाव ठेवण्याआधी त्या हातात काय दिलं आहे ते तपासा. अवघड वाट सोपी करून देण्यापेक्षा ती खरी आणि सगळ्यांना सारखी ठेवणं हीसुद्धा मायाच असते.

निशाचा ‘चढण’ आता आणखी कितीतरी जण खेळतात. आत्या आठव्या टप्प्यावर अजून पडते आहे. संध्याकाळी चितेगावहून आली की हात धुते, चहा घेते आणि मला मांडीवर घेते. मग खारीला सपाट जमिनीवर उभं करून माझं बटण वीस वेळा दाबते. वीसच्या वीस उड्या झाल्या की म्हणते, “पास.” आणि त्यानंतरच पहिल्यांदा पडते.