तिसऱ्या पिल्लाचं नाव

ओलं पीस अंगठ्याला चिकटलं होतं. बोटभरही नव्हतं, तपकिरी, टोकाला जरासं रक्त — वॉटी लेडलॉ ते कोटाला पुसत होता, ते अंगठ्यावरून निघून पुन्हा बोटाला चिकटत होतं, आणि तेवढ्यात त्याला डॉड येताना दिसला. रानाच्या मधून. शिकारीचा हाका अजून चालू होता, खालच्या झाडीतून हाकेवाल्यांच्या काठ्या वाजत होत्या, फेझंट पक्षी उठत होते, बंदुका उडत होत्या, आणि डॉड, त्या रानाचा राखणदार, ज्याने जन्मभर लोकांना ओरडून सांगितलं की हाका चालू असताना मध्ये कुणी पाऊल टाकायचं नाही, तो स्वतःच उघड्या डोक्याने चालत येत होता. वॉटीला राग आला. आधी रागच आला. यॅरो, त्याची म्हातारी कुत्री, तोंडात पक्षी घेऊन चढावर होती, ती बिचकेल म्हणून त्याने डॉडच्या दिशेने तळहात वर केला — थांब — कुत्र्याला करतात तसा. आणि डॉड थांबला.

वाळलेल्या नेच्यांत तो गुडघाभर उभा राहिला, दोन्ही हात खाली सोडून. वॉटीने यॅरोला येऊ दिलं, समोर बसू दिलं, घाई न करता तिच्या तोंडातून पक्षी घेतला, तिच्या कानामागे खाजवलं, पक्षी पिशवीत टाकला. मग बोटाने खूण केली, ये आता. किती वेळ गेला असेल… फार नाही. पण तेवढा वेळ वॉटीची बायको, नेटा, मेलेली होती, डॉडला ते माहीत होतं, आणि वॉटीने त्याला हाताने अडवून धरलं होतं. तेवढ्या वेळात त्याने पिशवीचा पट्टासुद्धा नीट केला, हे त्याला आठवतं.

डॉडने जवळ येऊन फक्त नाव घेतलं. "नेटा," म्हणाला. पुढचं वाक्य त्याने केलं नाही आणि वॉटीने विचारलं नाही.

तो नोव्हेंबर होता. आता मे लागला होता, गडग्यापलीकडे कोकरं ओरडत होती, आणि वॉटी सकाळपासून स्वयंपाकघरात एक कप इकडून तिकडे ठेवत होता. लापशी केली, अर्धी खाल्ली. खुर्चीत बसला, उठला. शिट्टी गळ्यात अडकवली, मग वाटलं आज वारा फार आहे, काढून ठेवली, मग पुन्हा अडकवली. काल एफीचा फोन आला होता, नेटाच्या थोरल्या बहिणीचा. ती फोनवर नेहमी आधी हवापाण्याचं बोलते आणि मग एकदम मुद्द्यावर येते.

"तू तिचं नाव घेत नाहीस, वॉटी. सहा महिने झाले. कबरीवर गेलास तेव्हाही नाही, माझ्याकडे जेवायला आलास तेव्हाही नाही. 'तिची चहाची किटली', 'तिचे बूट'. तिची म्हणजे कुणाची? माझ्या बहिणीने काय भिंतीशी लग्न केलं होतं?"

"पाऊस येईलसं वाटतंय इकडे," तो म्हणाला होता.

"तू म्हणजे ना…" म्हणून एफीने फोन ठेवला होता.

खरंच होतं ते. त्याने त्या दिवसापासून नाव घेतलं नव्हतं. चर्चमध्ये पाद्र्याने घेतलं, डॉडने घेतलं, लोकांनी कार्डांवर लिहिलं. आपण घेतलं नाही — मुद्दाम नाही, पण नाव तोंडाशी आलं की पुढचं वाक्यही करावं लागेल असं वाटायचं, आणि ते वाक्य डॉडने त्या दिवशी केलं नव्हतं ते बरं होतं.

तो बादली घेऊन मागे गेला. नेटाही अशीच बादली घेऊन गेली होती, आणि कुत्र्यांच्या खोपटाच्या दारात पडली. एफी त्या दिवशी अंडी द्यायला आली नसती तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं. बादली कलंडली होती आणि यॅरोची पिल्लं तिच्या भोवतीनेच खात होती, पोट भरेपर्यंत. पिल्लांना काय. एफीने हे त्याला कधी सांगायला नको होतं, पण सांगितलं.

आता तीनच उरली होती, बाकीची गेली. जेड, टीमा, आणि हे तिसरं, काळं, छातीवर पैशाएवढा पांढरा ठिपका असलेलं. खोपटाची कडी काढायच्या आधीच ते जाळीशी येऊन उभं असायचं, मागचे पाय थरथरवत, कान पुढे करून, कुणीतरी हाक मारल्यासारखं. बाकीची दोघं पेंढ्यातून आळस देत उठायची. आजही तसंच. वॉटीने त्याच्याकडे न बघता भांडं ठेवलं.

नावं ठेवायची ती नेटा. इकडच्या नद्यांची आणि ओढ्यांची, एक झालं की दुसरं. ती पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत वाट बघायची, दारात उलट्या बादलीवर बसून नुसती बघत राहायची. कोण आधी पाण्यात जातं, कोण पडलं तर ओरडत नाही. मग एक दिवस म्हणायची, हा जेड. आणि तो जेडच असायचा, दुसरं काही नाव त्याला शोभलंच नसतं. शेवटच्या संध्याकाळी ती आत आली, बूट काढता काढता म्हणाली, "ते काळं मी ठेवणार हं, वॉटी. ते विकायचं नाही."

"नाव काय?"

"बघतेय अजून. घाई काय आहे?"

घाई काय आहे… वॉटी तेव्हा वर्तमानपत्रात डोकं घालून होता. रात्र रात्र तो आता इथले ओढे आठवत पडतो. कुठला उरला होता? कुठला तिच्या मनात असेल? एखादा सापडतो, तो उठून बसतो, मग आठवतं की त्या नावाची कुत्री होती, लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी, कोल्ह्याच्या सापळ्यात पाय अडकला तिचा.

नावाशिवाय चालत नाही, हीच अडचण आहे. बसायला, यायला, थांबायला शिट्टी आहे, हात आहे. पण जायला नाव लागतं. ओळीने तीन कुत्री बसलेली असतात, समोर पक्षी पडतो, तिघांनाही जायचं असतं, आणि ज्याचं नाव घ्याल त्यानेच जायचं. नाव हाच हुकूम. बाकीच्यांनी बसून राहायचं, दुसऱ्याचं नाव ऐकत. हे तिसरं पिल्लू महिनाभर दुसऱ्यांचीच नावं ऐकत बसलं होतं. त्याच्यासाठी फेकलेली डमी — कॅनव्हासची पिशवी, वरून सशाचं कातडं गुंडाळलेलं — वॉटी स्वतः चालत जाऊन उचलून आणायचा. तसंही शिकवताना निम्म्या डम्या माणसानेच आणायच्या असतात, म्हणजे कुत्रं हावरं होत नाही. पण याच्या वाट्याच्या सगळ्याच. पिल्लू तो जाताना बघायचं, येताना बघायचं, आणि जागचं हलायचं नाही. त्याची ती नजर वॉटीला सहन होत नसे.

गडग्यालगतच्या उतारावर त्याने तिघांना बसवलं. वारा समोरून. जेडला एकदा पाठवलं, बरा आला. टीमा पळताना डमी फेकून देऊन पुन्हा उचलते, ती खोड घालवायला हवी — नेटाने कशी घालवली असती, ती पाठ फिरवून उलट चालू लागायची, कुत्रं आपोआप घाईने आणून द्यायचं. तो पाठ फिरवून चालू लागला आणि समोर गडग्यावर कोपर टेकून डॉड उभा.

"पळून कुठे चाललास?"

"टीमाला शिकवतोय."

"मला वाटलं मला बघून." डॉड गडगा चढून आत आला, कण्हत. त्याचे गुडघे गेले आहेत पण तो फाटकाने येत नाही. "काय, तिसरं अजून बिननावाचंच?"

"बघतोय."

"बघतोय म्हणे. पाद्र्याला बोलवू का बाप्तिस्म्याला? अरे, कुत्रं आहे ते. काहीही ठेव. सोमवार ठेव."

"लांबलचक होतं. वाऱ्यात पोचायचं नाही."

"मग पाठवणार कसं त्याला? शिंकून?"

वॉटीला हसू आलं. आलं आणि लगेच कुठेतरी चुकल्यासारखं झालं. त्याने पिशवीतून दुसरी डमी काढली, उगाच तिचं कातडं घट्ट केलं.

"शनिवारी तो हॉविकचा माणूस येतोय," डॉड म्हणाला. "मी बोललोय त्याच्याशी. माणूस चांगला आहे, आरडाओरडा करणारा नाही. काळं घेऊन जाईल. नाव त्याचं तो ठेवील, तुझी कटकट गेली."

"हं."

"हं काय? तीन पिल्लं एकट्याच्याने होत नाहीत असं तूच म्हणालास."

"म्हणालो."

"मग?"

वॉटीने तिघांवर तळहात वर केला — थांबा — आणि दुसऱ्या हाताने डमी लांब फेकली, ओढ्यापलीकडे, नेच्यांत. तिघांच्या माना एकदमच वळल्या. तिघंही बसून राहिली. हात वर ठेवूनच तो उभा होता. हा हात वर केला की त्याला हल्ली डॉड दिसायचा, गुडघाभर नेच्यांत, आणि आज तो शेजारीच उभा होता, श्वासाचा आवाज येत होता, आणि त्याला वाटलं विचारावं, तेव्हा तू का थांबलास? माझा हात झुगारून सरळ का आला नाहीस? पण ते विचारण्यासारखं नव्हतं. तो माणूस जन्मभर या रानात राहिला आहे, हात वर दिसला की तो थांबणारच.

"डॉड, मला नाही ठरवता येत," तो म्हणाला. "हे काळं द्यायचं नव्हतं आम्हाला. म्हणजे, नेटाला…"

पिल्लू गेलं.

गवताला लागून, बाण सोडावा तसं. जेड नि टीमा बसलेलीच. वॉटीचा हात अजून वरच होता.

"सुटलं! बघ, सुटलं!" डॉड ओरडला. "शिट्टी मार, थांबव त्याला! काय रे, चांगलं बसलं होतं…"

शिट्टी ओठांत होती. वॉटीने फुंकली नाही. पिल्लू ओढ्यात पडलं, बाहेर आलं, नेच्यांत दिसेनासं झालं, फक्त शेंडे हलत होते, सरळ रेघेत. मग ते थांबले. मग परत फिरले. पिल्लू डमी मधोमध धरून आलं, न टाकता, न चघळता, आणि वॉटीच्या पायांशी बसून मान वर केली. पाणी निथळत होतं. छातीवरचा पांढरा ठिपका धापांनी हलत होता.

"आणलं मात्र झकास," डॉड म्हणाला. "पण न सांगता गेलं. ही सवय लागली तर…"

"न सांगता नाही गेलं."

"मग? कुणी सांगितलं?"

वॉटीने वर केलेला हात आता कुठे खाली घेतला. डॉडने त्याच्याकडे पाहिलं, मग पिल्लाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि त्याने टोपी काढली. राखणदार आहे तो, कुत्र्यांत वाढला. खाली वाकून, अगदी हळू, जसं त्या दिवशी घेतलं होतं तसं त्याने नाव घेतलं.

"नेटा."

पिल्लाने तोंडातली डमी न सोडता मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अरे देवा," डॉड म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "रोज बोलतोस तिच्याशी?"

नाही, असं वॉटी म्हणणार होता. नाही, मी नावसुद्धा घेत नाही, एफीला विचार. आणि मग त्याला ऐकू यायला लागलं. बादलीचा आवाज, कडीचा आवाज, आणि त्यांच्यामधे आपला आवाज — पाणी गोठलंय बघ, नेटा. टीमा पाय जपतेय, नेटा. नेटा, त्या कोपऱ्यातला पत्रा उडाला, मी सांगितलं होतं. नेटा, एफी येऊन गेली. नेटा, घाई काय आहे म्हणालीस. सगळा हिवाळा. बर्फात, कंदील घेऊन, कडी काढायच्या आधी, उभं राहून. हे सगळं तो मनात बोलत होता अशी त्याची समजूत होती. मनात नव्हतं ते. जाळीशी कान लावून एकजण ऐकत होतं, आणि जेड जेडच्या नावाला उठतो, टीमा टीमाच्या, तर हे उरलेलं, रोज पहिलं घेतलं जाणारं नाव आपलंच, असं त्याने धरलं. त्याचं काय चुकलं?

"मी शनिवारचं काय सांगू त्या माणसाला?" डॉडने विचारलं. टोपी अजून त्याच्या हातात होती.

काय सांगणार. हॉविकच्या अंगणात कुणीतरी अनोळखी माणूस दुसरं नाव शिकवील, बिस्किटं देऊन, आठवडाभरात. आपण ठेवायचं तर आपल्यालाही शिकवावं लागेल, एखादा ओढा शोधून, आणि ते शिकेपर्यंत आणि शिकल्यावरही हे जुनं नाव खोपटात घ्यायचं नाही, दारात नाही, बादली धरून नाही, कधीच नाही, नाहीतर बंदुका उडत असताना ते भलत्या वेळी सुटायचं. आणि तेच नाव राहू द्यायचं तर रानात, परक्या लोकांसमोर, वाऱ्यावर ओरडायचं — नेटा — आणि काहीतरी काळं उठून जाणार आणि प्रत्येक वेळी परत येणार. प्रत्येक वेळी येणार… वॉटीला ते नको होतं, आणि दुसऱ्या क्षणी इतकं हवंसं वाटलं की त्याने दात आवळले, तोंडातून पुन्हा निघेल म्हणून.

"तुला कळवतो," तो म्हणाला.

"आज कळव."

"कळवतो म्हटलं ना."

डॉड गडग्यावर चढला, पलीकडे उतरला, टोपी घातली, आणि वळून न बघता गेला.

जेड नि टीमा बसलेली होती, त्यांना उठवायला हवं होतं. वारा पडला होता. काळं पिल्लू डमी धरून तसंच समोर, त्याचा जबडा आता थकून बारीक थरथरत होता, आणि वॉटीने डमीखाली हात नेला होता पण ती घेतली नव्हती. घेतली की शाबास म्हणावं लागतं, आणि शाबासच्या पुढे नाव लागतं. ते अजून ठेवलेलं नाही.