अब्राहामची शेगडी

"पप्पा, आता बघा," म्हणत आराधनानं बटण दाबलं आणि शेगडीत लाल उजेड पडला. खाटेवरच्या अब्राहामनं एकदाच बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

हन्नानं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. अर्धांगवायूनं नवऱ्याचा उजवा हात गेला, जीभ जड झाली. शाबूत राहिला तो एवढा एकच शौक. तरुणपणी मिशनच्या बंगल्यात वायरिंग करताना त्यानं खरीखुरी फायरप्लेस, म्हणजे भिंतीतली शेगडी, पाहिली आणि पुणतांब्याच्या दोन खोल्यांत तसलीच मांडायचं डोक्यात घेतलं. आता इथं थंडी ती केवढी, पण त्याला सांगणार कोण? विटांसारखी रंगवलेली प्लायवूडची चौकट, आत बाभळीची लाकडं, लाल जिलेटीन कागद आणि त्यामागे दोन जुने पिवळे बल्ब. पूर्वी नुसती नाताळात लागायची, आता रोज संध्याकाळी लागत होती.

वीज गेली की मात्र ते बल्ब इन्व्हर्टर पिऊन टाकत आणि अब्राहामच्या हवेच्या गादीचा पंप बंद पडे. परवा तेच झालं. गादी बसली, पाठीवर लाल चट्टा उठला. म्हणून सणाला माहेरी आलेल्या आराधनानं एलईडी बसवले होते. पोरीचं काही चुकलं नव्हतं. उजेड तेवढाच होता आणि इन्व्हर्टरला त्याचा पत्ताही लागणार नव्हता.

फक्त जाळ हलत नव्हता.

बल्बांच्या वर सुईवर पत्र्याचं एक चक्र टेकवलेलं होतं. बल्ब तापले की गरम हवेनं ते फिरे, सावल्या हलत आणि जाळ नाचे. एलईडी तापतच नव्हते. हे ध्यानात आल्यावर आराधनानं कपाळावर हात मारला. उद्या राहात्याहून छोटा पंखा आणते म्हणाली, आजच्यापुरते जुने बल्ब लावू का, असंही विचारलं.

"नगं," हन्ना म्हणाली. "पुन्हा गादी बसली म्हंजी?"

जेवणं आटोपल्यावर ती पाट घेऊन शेगडीच्या आडोशाला बसली आणि मागून हात घालून बोटानं चक्र फिरवू लागली. ते थांबलं की पुन्हा ढकलायचं. पत्र्याची कड बोटाला लागत होती. जरा वेळानं खाट करकरली. अब्राहामनं मान इकडे वळवली होती. हन्नाला इतकं बरं वाटलं, की ती हसलीच.

"हन्ना," जड आवाज आला. "तूच फिरवतीस... न्हवं?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण जमलं नाही. "व्हय. तुमी बघा की निवांत."

"लई बघितलं." पुढचे शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "हितं ये. गुडघं... दुखतील."

ती उठून खाटेच्या कडेला टेकली. चक्र एक-दोन गिरक्या घेऊन थांबलं. अब्राहामनं डाव्या हातात तिचं बोट धरलं आणि त्या थांबलेल्या जाळाकडे तो बघत राहिला.